निवाड्यातला 'सोलेशियम': बुलढाण्याच्या शेतकऱ्याच्या हातात पडणाऱ्या या शब्दाचा अर्थ काय?

जमीन सरकारी प्रकल्पात गेली की शेतकऱ्याच्या हातात निवाड्याचा कागद येतो. त्यात गट नंबर असतो, क्षेत्र असतं, बाजारभावाने काढलेली किंमत असते, विहीर, झाडं, गोठा यांचं मूल्यांकन असतं. या सगळ्या रकान्यांनंतर एक रकाना येतो: 'दिलासा रक्कम १०० टक्के'. काही कागदांवर त्याच ठिकाणी इंग्रजी शब्द देवनागरीत लिहिलेला असतो, सोलेशियम.

बुलढाणा जिल्ह्यात गेल्या काही वर्षांत हा कागद अनेक घरांत पोहोचला आहे. नांदुरा तालुक्यात पूर्णा नदीवर जिगाव प्रकल्पाचं काम वर्षानुवर्षं सुरू आहे आणि त्यात चाळीसहून अधिक गावं बाधित होतात. मेहकर आणि सिंदखेड राजा तालुक्यांतून समृद्धी महामार्ग गेला. खामगाव, नांदुरा, मलकापूर हा पट्टा राष्ट्रीय महामार्ग ५३ वर, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या जुन्या 'सहा नंबर'वर येतो. सिंदखेड राजा ते शेगाव असा भक्ती महामार्ग प्रस्तावित झाला, तेव्हा २०२४ मध्ये शेतकऱ्यांनी त्याला विरोध केला. खामगाव–जालना रेल्वेची मागणी तर कित्येक पिढ्यांची आहे. तो मार्ग झालाच, तर आणखी काही हजार सातबाऱ्यांवर हाच शब्द उमटेल.

त्यामुळे कोर्टाबाहेर क्वचितच ऐकू येणारा हा इंग्रजी शब्द बुलढाण्यात थेट घरातल्या पैशांशी जोडलेला आहे. तरी त्याचा अर्थ विचारला, तर बहुतेक वेळा 'सरकार वरून देतं ते' एवढंच उत्तर मिळतं. हे उत्तर चुकीचं आहे, आणि ते का चुकीचं आहे हे समजण्यासाठी शब्दापासूनच सुरुवात करावी लागते.

शब्द आला कुठून?

सोलेशियम हा मूळचा लॅटिन शब्द. अर्थ सांत्वन, दुःखात मिळणारा आधार. इंग्रजीतले सोलेस आणि कन्सोल हे नेहमीच्या वापरातले शब्द त्याच कुळातले आहेत. ते रोजच्या बोलण्यात रुळले, सोलेशियम मात्र कायद्याच्या पुस्तकातच राहिला.

कायद्यात त्याचा ढोबळ अर्थ असा: ज्या नुकसानीचा हिशोब पैशात मांडता येत नाही, तिच्यासाठी दिलेली रक्कम. स्कॉटलंडच्या कायद्यात शारीरिक वेदना आणि मनाला झालेली इजा यांच्या भरपाईला हा शब्द आहे. ऑस्ट्रेलियाच्या काही भागांत कुणाच्या चुकीमुळे मूल दगावलं, तर आईवडिलांना मिळणाऱ्या रकमेलाही सोलेशियम म्हणतात. मुलाची 'किंमत' काढता येत नाही, पण कायद्याला काहीतरी द्यायचं असतं. तेव्हा हा शब्द पुढे येतो.

जमिनीच्या बाबतीतही विचार तोच आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये रेल्वे आणि कालव्यांसाठी सक्तीने जमिनी घेतल्या जायच्या, तेव्हा ठरलेल्या किमतीवर साधारण दहा टक्के जास्त देण्याची प्रथा होती. मालक विकायला निघालेला नव्हता, त्याला विकायला लावलं, हे त्यामागचं कारण. इंग्लंडने १९१९ मध्ये ही प्रथा बंद केली. भारतात मात्र ती कायद्याच्या कलमात बसून राहिली, आणि पुढे वाढतच गेली.

हिंदीत सोलेशियमला 'तोषण' म्हणतात. मराठीत 'दिलासा रक्कम' रूढ झालं. भाषांतर म्हणून दोन्ही शब्द ठीक आहेत, पण मराठी शब्दाने एक घोळ होतो. आपल्याकडे दिलासा 'दिला' जातो. गारपिटीनंतर मंत्री बांधावर येऊन दिलासा देतात, सरकार पॅकेज जाहीर करून दिलासा देतं. देणाऱ्याची मर्जी त्या शब्दात आपोआप येते. निवाड्यातल्या दिलाशाला कुणाचीही मर्जी लागत नाही.

मग ही रक्कम नेमकी कशाची?

मोबदला जमिनीचा असतो. दिलासा रक्कम सक्तीची असते.

१८९४ च्या भूसंपादन कायद्यात कलम २३ च्या दुसऱ्या पोटकलमात हे स्पष्ट लिहिलेलं होतं. बाजारभावाने किंमत काढायची आणि त्यावर १५ टक्के रक्कम द्यायची, कारण संपादन सक्तीचं आहे. १९८४ च्या दुरुस्तीने हे १५ टक्के ३० झाले. १ जानेवारी २०१४ पासून लागू झालेल्या नव्या भूसंपादन कायद्याने, म्हणजे २०१३ च्या कायद्याने, ते थेट १०० टक्क्यांवर नेले. त्यातल्या कलम ३० नुसार जिल्हाधिकाऱ्याने आधी एकूण मोबदला ठरवायचा आणि मग तेवढीच आणखी रक्कम दिलासा म्हणून त्यात मिळवायची. तिथे शब्दरचना 'देऊ शकेल' अशी नाही. ही रक्कम मिळवूनच निवाडा पूर्ण होतो.

म्हणजे आता कायद्याच्या दृष्टीने जमिनीची किंमत जितकी, तितकीच तिच्यासाठी 'नाही' म्हणण्याचा हक्क गेल्याचीही किंमत आहे.

इथे समृद्धी महामार्गाचं उदाहरण गमतीशीर आहे. त्यासाठी बरीचशी जमीन सक्तीने न घेता थेट खरेदीने घेतली गेली. ग्रामीण भागात दर साधारण असा बसायचा: बाजारमूल्याची दुप्पट, त्यावर तेवढीच दिलासा रक्कम, म्हणजे चौपट, आणि संमतीने दिल्याबद्दल त्या एकूण रकमेवर आणखी २५ टक्के. झाले पाचपट. दिलासा रक्कम सक्तीबद्दल असते, तर संमतीने विकणाऱ्याला ती कशासाठी, असा प्रश्न कुणीही विचारू शकतो. व्यवहारातलं उत्तर सरळ आहे. संमती दिली नाही तर पुढे सक्तीचं संपादन होणारच, हे दोन्ही बाजूंना माहीत होतं. त्यामुळे न वापरलेल्या सक्तीचा दिलासाही हिशोबात आला, आणि वरचे २५ टक्के वाद न घालण्याचे.

नागपूरचा एक जुना खटला

दिलासा रक्कम हा हक्क आहे की सरकारची कृपा, या प्रश्नाचा निकाल विदर्भातल्याच एका खटल्यात लागला होता. आजही सर्वोच्च न्यायालयात सोलेशियमवर वाद झाला की त्याचा दाखला निघतो.

नागपूर सुधार प्रन्यास १९३६ च्या स्वतंत्र कायद्याने चालते. या कायद्याखाली प्रन्यास शहराच्या योजनांसाठी जमीन घेऊ शकत होती. संपादनाची पद्धत १८९४ च्या केंद्रीय कायद्याचीच, पण काही बदल करून. त्यातला एक बदल असा की १५ टक्के सोलेशियम गाळलेलं. म्हणजे नागपुरातली एखादी जमीन सरकारने साध्या भूसंपादन कायद्याने घेतली तर मालकाला सोलेशियम मिळणार, आणि तीच जमीन प्रन्यासच्या कायद्याने घेतली तर मिळणार नाही. कोणता कायदा लावायचा, हे ठरवणारं सरकारच.

नागपूर सुधार प्रन्यास विरुद्ध विठ्ठल राव या नावाने हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. सात न्यायमूर्तींच्या घटनापीठाने डिसेंबर १९७२ मध्ये निकाल दिला. त्याचा गाभा असा की मालकाच्या दृष्टीने त्याची जमीन दवाखान्यासाठी गेली, शाळेसाठी गेली की शहर सुधारणेसाठी, यात काही फरक पडत नाही, त्याची जमीन गेली एवढंच खरं. म्हणून संपादन कोणत्या हेतूने आणि कोणत्या यंत्रणेने केलं यावरून मोबदल्याची दोन वेगळी मापं लावली, तर ते घटनेच्या अनुच्छेद १४ मधल्या समानतेच्या विरोधात जातं. प्रन्यासच्या कायद्यातली ती तरतूद टिकली नाही.

बुलढाण्याच्या शेतकऱ्याला नागपूरच्या भूखंडांशी काय देणंघेणं, असं वाटू शकतं. पण पुढची गोष्ट याच निकालावर उभी आहे.

महामार्गाला वेगळा नियम का होता?

राष्ट्रीय महामार्गांसाठी जमीन १९५६ च्या राष्ट्रीय महामार्ग कायद्याने घेतली जाते. १९९७ मध्ये त्यात '३-जे' हे कलम घातलं गेलं. त्यात म्हटलं होतं की १८९४ च्या भूसंपादन कायद्यातली कोणतीही गोष्ट या कायद्याखालच्या संपादनाला लागू होणार नाही. कलम एका ओळीचं, परिणाम मोठा. महामार्गात जमीन गेलेल्यांचं सोलेशियम गेलं, त्यावरचं व्याजही गेलं. रस्ते लवकर व्हावेत, असं कारण दिलं गेलं.

त्यामुळे एकाच गावात अशी स्थिती होऊ शकत होती की शेजारच्या धरणाच्या कालव्यासाठी जमीन गेलेल्याला बाजारभावावर ३० टक्के दिलासा, आणि महामार्गासाठी जमीन गेलेल्याला शून्य. दोघांचं शेत लागून, माती एकच, विहिरीचं पाणीही एकाच झऱ्याचं.

१ जानेवारी २०१५ पासून २०१३ च्या कायद्याची मोबदल्याची तत्त्वं महामार्ग संपादनालाही लागू झाली. मग १९९७ ते २०१४ या काळातल्या लोकांचं काय? पंजाब आणि हरियाणातून आलेल्या प्रकरणांवर सर्वोच्च न्यायालयाने १९ सप्टेंबर २०१९ रोजी 'भारत सरकार विरुद्ध तरसेम सिंग' हा निकाल दिला. न्यायमूर्ती रोहिंटन नरिमन आणि सूर्य कांत यांच्या खंडपीठाने ३-जे कलम सोलेशियम आणि व्याज नाकारण्यापुरतं घटनाबाह्य ठरवलं. आधार घेतला तो विठ्ठल राव निकालाचा. सत्तेचाळीस वर्षांपूर्वी नागपूरच्या जमिनींवर मांडलेला युक्तिवाद देशभरच्या महामार्गांना लागू झाला.

यानंतर महामार्ग प्राधिकरणाने न्यायालयाला विनंती केली की हा निकाल फक्त पुढच्या प्रकरणांना लावावा, मागच्यांना नको. ४ फेब्रुवारी २०२५ रोजी न्यायमूर्ती सूर्य कांत आणि उज्ज्वल भुयान यांच्या खंडपीठाने ती फेटाळली. न्यायालयाने दिलेलं उदाहरण कुणालाही पटेल असं आहे. निकाल फक्त पुढचा मानला, तर ज्याची जमीन ३१ डिसेंबर २०१४ रोजी गेली त्याला काहीच मिळणार नाही आणि ज्याची दुसऱ्या दिवशी, १ जानेवारीला गेली, त्याला सगळं मिळेल. रात्रीच्या बारा वाजण्याने हक्क ठरू शकत नाही.

प्राधिकरणाचा मुख्य आक्षेप पैशांचा होता. सुरुवातीला हा बोजा सुमारे १०० कोटी रुपयांचा सांगितला गेला. नंतर फेरविचार याचिका झाली, त्यात आकडा तब्बल ३२ हजार कोटींच्या घरात सांगण्यात आला. दोन आकड्यांतलं अंतर बघता हिशोब आधी नीट केला होता का, असा प्रश्न पडतोच. दुसऱ्या बाजूने पाहिलं तर हा आकडा देशभरच्या शेतकऱ्यांना कायद्याने देय असलेली, पण न दिलेली रक्कम सांगतो.

बुलढाण्यात या निकालाचा अर्थ मर्यादित पण महत्त्वाचा आहे. १९९७ ते २०१४ दरम्यान राष्ट्रीय महामार्गासाठी ज्यांची जमीन गेली आणि ज्यांचा वाद लवादाकडे किंवा न्यायालयात अजून जिवंत आहे, त्यांना सोलेशियम आणि व्याज मागता येतं. ज्यांची प्रकरणं अंतिमतः बंद झाली, ती पुन्हा उघडण्याचा आदेश न्यायालयाने दिलेला नाही, हेही त्याच निकालात स्पष्ट केलं आहे. म्हणजे ज्याने त्या वेळी वाद लावून धरला तो आत, आणि वकिलाची फी परवडली नाही म्हणून जो गप्प बसला तो बाहेर.

आता हिशोब करून पाहू

समजा, एका शेतकऱ्याची एक एकर जमीन गेली. बाजारमूल्य १० लाख रुपये. शेतातली विहीर आणि झाडं मिळून २ लाख.

२०१३ च्या कायद्यात ग्रामीण भागासाठी १ ते २ यांच्या दरम्यान गुणक असतो. तो राज्य सरकार ठरवतं. गुणक २ असेल, तर जमिनीचे २० लाख, विहीर-झाडांचे २ लाख, एकूण २२ लाख. त्यावर १०० टक्के दिलासा, म्हणजे आणखी २२ लाख. हातात ४४ लाख. गुणक १ असेल, तर १० अधिक २, म्हणजे १२ लाख, दिलासा १२ लाख, एकूण २४ लाख. दिलाशाची टक्केवारी दोन्हीकडे शंभरच, पण रक्कम २२ लाखांवरून १२ लाखांवर आली.

जुन्या कायद्याने हीच जमीन गेली असती, तर १२ लाखांवर ३० टक्के धरून १५ लाख ६० हजार. आणि महामार्गाच्या ३-जे कलमाखाली फक्त १२ लाख. याशिवाय अधिसूचनेपासून निवाड्यापर्यंत बाजारमूल्यावर वर्षाला १२ टक्क्यांनी मिळणारी रक्कम वेगळी. ती सोयीसाठी इथे धरलेली नाही. तिच्यावर दिलासा लागत नाही, हेही लक्षात ठेवायला हवं.

या हिशोबात एक गोष्ट नजरेतून सुटते. गुणक २ असताना बाजारमूल्यात एका लाखाची चूक झाली, तर निवाड्यात चार लाखांचा फरक पडतो. दिलासा रक्कम चूक झाकत नाही, ती दुप्पट करते.

आणि चूक होण्याची जागा नेमकी बाजारमूल्यातच आहे. कायदा सांगतो की मुद्रांक शुल्कासाठी ठरलेला दर, म्हणजे रेडीरेकनर, आणि आसपासच्या गावांतल्या गेल्या तीन वर्षांतल्या खरेदीखतांमधल्या वरच्या निम्म्या व्यवहारांची सरासरी, यांतला जास्तीचा आकडा घ्यायचा. पण खेड्यात खरेदीखतावर खरा भाव लिहिला जातोच असं नाही. मुद्रांक शुल्क वाचवण्यासाठी कमी किंमत दाखवणं ही जुनी सवय आहे. तीन वर्षांपूर्वी कुणीतरी वाचवलेल्या काही हजार रुपयांची किंमत पूर्ण गावाला निवाड्यात मोजावी लागते. शिवाय पूर्णेकाठचा खारपाणपट्टा. पाणी खारं, सिंचन कमी, म्हणून दर कमी, म्हणून दिलासाही कमी. जिथे शेती आधीच कष्टाची, तिथे जमीन सोडण्याचं दुःखही कायद्याच्या हिशोबाने स्वस्त ठरतं.

म्हणून निवाडा हातात आल्यावर शेवटच्या रकान्यापेक्षा पहिले तीन रकाने आधी वाचायला हवेत: दर कोणत्या वर्षाचा, जमीन जिरायत धरली की बागायत, विहीर, पाइपलाइन, फळझाडं सगळी मोजली का. दिलासा जमिनीपुरता नसून या सगळ्यांच्या एकूण मूल्यावर असतो. संयुक्त मोजणीच्या दिवशी एखादं संत्र्याचं झाड मोजायचं राहिलं, तर त्याची किंमतही गेली आणि तेवढाच दिलासाही गेला. मोबदला मान्य नसेल तर रक्कम आक्षेप नोंदवून उचलता येते आणि २०१३ च्या कायद्याच्या कलम ६४ नुसार प्रकरण प्राधिकरणाकडे पाठवण्याचा अर्ज जिल्हाधिकाऱ्याकडे करता येतो. निवाड्याच्या वेळी शेतकरी हजर असेल, तर या अर्जाची मुदत सहा आठवड्यांची आहे. राष्ट्रीय महामार्गाच्या प्रकरणात मार्ग वेगळा, तिथे लवादाकडे जावं लागतं.

पैसे उशिरा मिळाले तर दिलासा रकमेवरही व्याज मिळतं का, हा वाद बरीच वर्षं चालला. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २००१ मध्ये 'सुंदर' निकालात उत्तर दिलं: मिळतं, कारण दिलासा हा मोबदल्याचाच भाग आहे. कोर्टकचेरीत दहा-पंधरा वर्षं गेलेल्यांसाठी हा निकाल फार मोठ्या रकमेचा आहे.

तारीख बदलली की टक्का बदलतो

जिगावसारख्या प्रकल्पात आणखी एक गुंता आहे. काम दशकानुदशकं चालतं, संपादन टप्प्याटप्प्याने होतं. ज्या गावाचा निवाडा २०१३ संपण्याआधी झाला, त्याला जुन्या कायद्याचे ३० टक्के. ज्या गावाचा निवाडा १ जानेवारी २०१४ पर्यंत झालेला नव्हता, त्याला मोबदला नव्या कायद्याने, म्हणजे १०० टक्के दिलासा. धरण एक, बुडणारं पाणी एक.

असं पूर्वीही घडलं आहे. १५ वरून ३० टक्के झाले, तेव्हा ३० एप्रिल १९८२ ते २४ सप्टेंबर १९८४ या काळात झालेल्या निवाड्यांनाच वाढीव टक्का द्यायचा की त्या वेळी अपिलात असलेल्या जुन्या निवाड्यांनाही, यावर सर्वोच्च न्यायालयात मोठा वाद झाला. १९८९ मध्ये घटनापीठाने ठरवलं की या तारखांच्या आतल्यांनाच. तरसेम सिंग प्रकरणात न्यायालयाने तारखेवरून भेद नाकारला, कारण तिथे हक्कच काढून घेतला गेला होता. टक्केवारी वाढवणं मात्र संसदेचं काम, आणि ती कधीपासून वाढवायची हेही संसदच ठरवते. कायद्याच्या दृष्टीने हा फरक बरोबर आहे. शेजारच्या गावाचा निवाडा पाहणाऱ्याला तो पटणं अवघड.

अपघातानंतरची मदत सोलेशियम असते का?

१ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेड राजाजवळ समृद्धी महामार्गावर खासगी बसला अपघात होऊन आग लागली आणि २५ प्रवाशांचा मृत्यू झाला. राज्य सरकारने मृतांच्या वारसांना ५ लाख रुपये जाहीर केले, पंतप्रधान मदत निधीतून २ लाख. ही रक्कम सोलेशियम नव्हती. तिला सानुग्रह मदत म्हणतात. सरकारने ठरवली म्हणून ती मिळते. उद्या दुसऱ्या अपघातात कमी जाहीर केली किंवा केलीच नाही, तर ती कोर्टात हक्क म्हणून मागणं कठीण.

रस्ते अपघातांच्या कायद्यात सोलेशियम वेगळ्या जागी होतं. धडक देऊन वाहन पळून गेलं आणि ते सापडलंच नाही, तर विमा कंपनी कोणती धरायची हा प्रश्न उरतो. अशा पीडितांसाठी १९८२ च्या दुरुस्तीने 'सोलेशियम फंड' आला. पुढे १९८९ च्या योजनेखाली मृत्यूसाठी २५ हजार आणि गंभीर जखमीसाठी साडेबारा हजार, हे आकडे बरीच वर्षं तसेच राहिले. १ एप्रिल २०२२ पासून नवी योजना लागू झाली आणि रक्कम अनुक्रमे २ लाख आणि ५० हजार झाली. नव्या योजनेच्या नावातून सोलेशियम हा शब्दही गेला, 'भरपाई' आला. अर्ज तालुक्याच्या महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे तहसीलदार किंवा उपविभागीय अधिकाऱ्याकडे करायचा असतो. ही रक्कम हक्काची आहे, तिला कुणाच्या घोषणेची वाट पाहावी लागत नाही. महामार्गालगतच्या गावांत मात्र कुणी गेलं की पोलीस पंचनाम्यानंतर घरचे थेट अंत्यसंस्काराला लागतात, आणि तहसीलचा हा अर्ज राहून जातो.

सातबाऱ्यावर नाव नाही त्यांचं काय?

सोलेशियम मोबदल्याला चिकटलेलं आहे आणि मोबदला सातबाऱ्याला. त्यामुळे ज्याचं नाव उताऱ्यावर नाही, त्याच्यासाठी दिलाशाचा रकानाच नसतो. वर्षानुवर्षं त्याच शेतात निंदण-खुरपण करणारी मजूर बाई, बटईने शेत करणारा, वारसनोंद न झालेली बहीण, गावकुसाबाहेरच्या अतिक्रमित गायरानावर राहणारं कुटुंब, यांचंही गाव जातं. २०१३ च्या कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात अशा बाधित कुटुंबांसाठी पुनर्वसनाच्या तरतुदी आहेत: नोकरी किंवा एकरकमी ५ लाख किंवा वीस वर्षं दरमहा किमान २ हजार, विस्थापितांना वर्षभर दरमहा ३ हजार निर्वाह भत्ता, सामान हलवायला ५० हजार. त्यासाठी मजुराला संपादनाआधीची तीन वर्षं आपली उपजीविका मुख्यतः त्याच भागातल्या शेतीवर होती, हे दाखवावं लागतं. शेतमजुरीची पावती कुणी देत नाही.

वारसनोंदीचं काम मात्र निवाड्याआधी करता येतं. फेरफारासाठी तलाठ्याकडे अर्ज, मृत्यूचा दाखला, वारसांची यादी. संपादनाची अधिसूचना निघाल्यावर हक्कांबाबत हरकती मागवल्या जातात, त्या मुदतीत बहिणींनी किंवा विधवा सुनेने लेखी दावा नोंदवला तर वाटपाचा वाद निवाड्याआधी रेकॉर्डवर येतो आणि रक्कम एकट्याच्या खात्यात जाण्याआधी अधिकाऱ्याला थांबावं लागतं. नंतर दिवाणी दावा करता येतो, पण तोवर पैसे बहुतेक वेळा खर्च झालेले असतात.

महामार्गाच्या थकीत सोलेशियमवरची फेरविचार याचिका दाखल झाली, तेव्हा बाजू मांडणाऱ्यांचा भर बोजा किती कोटींचा आहे यावर होता. ज्यांची प्रकरणं लवादाकडे पडून आहेत, त्यांनी आपला जुना निवाडा, अर्जाची पोच आणि लवादाच्या तारखा एकत्र काढून ठेवाव्यात. वाद जिवंत होता हे दाखवणारा कागद नसेल, तर नागपूरपासून दिल्लीपर्यंतच्या सगळ्या निकालांचा त्या शेतकऱ्याला उपयोग होणं कठीण आहे.